नऊ पिसांचा वाडगा

दोस्तांनो, जरा जगाचा नकाशा उघडा बघू. इंग्लंडच्या पश्चिमेला, समुद्रापलीकडे आयर्लंड सापडलं? आता त्याच्या दक्षिणेकडचं कॉर्क शहर शोधा. कॉर्कहून पूर्वेला जाणाऱ्या आगगाडीत बसलात, की अर्ध्या तासाच्या आत मिडलटन हे छोटंसं गाव येतं. आज आपल्याला इथंच उतरायचंय.

गावातल्या बेलिक पार्कच्या हिरवळीवर नऊ भलीमोठी पिसं उभी आहेत. गरुडाची पिसं, पण स्टेनलेस स्टीलची! उंची सहा मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी. ती गोलाकार रोवली आहेत आणि बाहेरच्या बाजूला थोडी कललेली आहेत. दोन पिसांमधून तुम्ही सहज आत जाऊ शकता. पण आधी थोडं लांब उभं राहून बघा. काय दिसतं? एक वाडगा. रिकामा वाडगा!

तुम्ही म्हणाल, हा कुणाचा वाडगा? आणि तो रिकामा का? त्यासाठी 1845 सालात जायला हवं.

त्या काळी आयर्लंडवर इंग्रजांचं राज्य होतं. जमिनी बड्या जमीनदारांच्या. गरीब कुळं धान्य पिकवायची ती खंड भरण्यासाठी. स्वतःच्या पोटाला मात्र तुकडाभर जमिनीतले बटाटे. सकाळी बटाटा, रात्री बटाटा! त्या वर्षी बटाट्यावर एक बुरशी पडली. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे कुजून गेले. पुढच्या वर्षी तर जवळजवळ सगळंच पीक हातचं गेलं. 1852 पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली. दहा लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे, त्याच दिवसांत धान्यानं भरलेली जहाजं आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडला जात होती.

ही बातमी जगभर पसरली. ठिकठिकाणी मदत गोळा झाली. आपल्या कोलकात्यातूनही पैसे गेले. पण सगळ्यांत नवलाची मदत आली अमेरिकेतून, चॉक्टॉ नावाच्या आदिवासींकडून.

हे चॉक्टॉ मूळचे मिसिसिपी भागातले. 1830 साली अमेरिकन सरकारनं करार करून त्यांच्या जमिनी काढून घेतल्या आणि त्यांना सुमारे आठशे किलोमीटर दूर, आजच्या ओक्लाहोमात धाडलं. कडाक्याच्या थंडीत, पायी, गाड्यांतून, बोटींतून ते निघाले. पुरेसं अन्न नाही, अंगावर धड कपडे नाहीत. हजारो माणसं वाटेतच दगावली. या वाटेला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात.

या गोष्टीला सोळा वर्षंही झाली नव्हती. 23 मार्च 1847 रोजी स्कलीव्हिल या गावी सभा भरली. गावाच्या नावातच चॉक्टॉ भाषेतला ‘पैसा’ हा शब्द आहे बरं का! पण लोकांजवळ पैसा होता कुठे? नवी घरं, नवी शेतं, सगळाच संसार पुन्हा मांडायचा होता. तरीही त्या सभेत 170 डॉलर जमले. ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, अशा समुद्रापलीकडच्या माणसांसाठी. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात ना!

170 डॉलरमध्ये दुष्काळ हटला का? मुळीच नाही. पण आयरिश लोक ही मदत विसरले नाहीत. अलेक्स पेंटेक या शिल्पकारानं ही पिसं घडवली. 2017 साली त्यांचं अनावरण झालं, तेव्हा चॉक्टॉंचे प्रमुख गॅरी बॅटन मिडलटनला आले होते. पुढच्याच वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान चॉक्टॉंच्या भेटीला गेले आणि त्यांच्या मुलांना आयर्लंडमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. हे पंतप्रधान कोण, ठाऊक आहे? लिओ वराडकर! त्यांच्या वडिलांचं मूळ गाव सिंधुदुर्गातलं, मालवण तालुक्यातलं वराड.

गोष्ट इथंही संपत नाही. 2020 साली करोनाच्या साथीत अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी आदिवासींसाठी मदत गोळा होत होती. अचानक आयर्लंडहून पैशांचा ओघ सुरू झाला. कुणी दहा डॉलर पाठवले, कुणी वीस. सोबत दोन ओळी, चॉक्टॉंची आठवण काढणाऱ्या. आता नवाहो आणि होपी म्हणजे काही चॉक्टॉ नव्हेत. पण आयरिश लोकांनी तसा हिशेब केलाच नाही. एकानं दिलेलं दुसऱ्याच्या हाती पोचवलं, एवढंच.

आता एक काम तुमच्यासाठी. घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारा. परदेशातून आलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी त्यांना आठवतेय का बघा. ते काय सांगतात, ते वहीत नीट लिहून ठेवा. आयरिश लोकांनी आठवण जपली, म्हणूनच तर 170 डॉलर पावणेदोनशे वर्षं पुरले!