हाळच्या आभाळाकडे बोटं

चेंबूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचे दिवे दिसायचे. नळ्यांच्या जंजाळात अडकलेले पिवळे ठिपके आणि त्यांच्याही वर, धुराड्याच्या टोकाला अखंड जळणारी ज्योत. ढग खाली उतरले की त्यांच्या पोटाला तांबूस रंग चढायचा. आई दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर जायची आणि मी तिच्या पदराला धरून त्या दिव्यांकडे बघत राहायचे. तो कारखाना आहे, हे ठाऊक होतं. तरी रोज वाटायचं, आज हे सगळं जमीन सोडून वर उचललं जाणार.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं, की स्टीव्हन स्पीलबर्गच्याही डोळ्यांत असेच दिवे भरले होते. ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’च्या चित्रीकरणासाठी १९७७ साली तो इकडे आला होता. जाता-येता त्याला मुंबईबाहेर तेलशुद्धीकरणाचा एक भलामोठा कारखाना दिसायचा, रात्री नळ्यानळ्यांवर दिवे पेटलेला. चित्रपटाच्या शेवटी डोंगरामागून परग्रहवासीयांचं जे प्रचंड यान वर येतं, त्याचं रूप त्याला त्या दिव्यांवरून सुचलं. हे वाचलं आणि पुस्तक मांडीवर तसंच ठेवून मी बराच वेळ बसून राहिले.

अशा गोष्टींना लोक फुटकळ माहिती म्हणतात. मला त्यांत माणसांचे हात दिसतात. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त (१९६८) यानातला प्रवासी झोपलेला असतो आणि त्याचं पेन हवेत तरंगत असतं. हवाई सुंदरी येते, पेन अलगद टिपते आणि त्याच्या खिशात ठेवते. ते पेन एका मोठ्या काचेला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलं होतं आणि ती काच कॅमेऱ्यासमोर सावकाश फिरवली जात होती. नीट पाहा, पेन काचेपासून सुटताना तिच्या बोटांना किंचित ओढ बसते. ती ओढ मी दहा वेळा तरी पाहिली असेल, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. वजन नसणं म्हणजे काय ते दाखवायला कुणीतरी काच आणि चिकटपट्टी घेऊन बसलं होतं! माणूस तोवर चंद्रावर उतरलाही नव्हता.

याच चित्रपटात पहिली जवळपास २५ मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. पोकळीत ध्वनी पोहोचत नाही, म्हणून यानाबाहेर स्फोट-गडगडाटही नाही. कधी नुसता श्वास ऐकू येतो, कधी तोही नाही. प्रेक्षकाला त्या शांततेत एकटं सोडायचं, आणि तो उठून जाणार नाही असा भरवसा धरायचा.

मग हा भरवसा हळूहळू आटत गेला. १९७५च्या जूनमध्ये ‘जॉज’ अमेरिकेत एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला, टीव्हीवरच्या जाहिरातींचा मारा करून. एरवी चित्रपट मोजक्या शहरांत लागे आणि लोकांच्या तोंडून गावोगाव जाई. १९७७च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला तो मात्र पहिल्या दिवशी जेमतेम ३२ ठिकाणी. रांगा नंतर लांबत गेल्या. मला तो चित्रपट मनापासून आवडतो. त्यातल्या प्रकाशतलवारीची घूं-घूं ध्वनिकार बेन बर्टने जुन्या प्रोजेक्टरची मोटर आणि टीव्हीच्या पडद्यामागची गुणगुण मिसळून केली होती. म्हणजे ज्या यंत्राने चित्रपट दिसतो, त्याचाच आवाज त्याने नायकाच्या हाती दिला. दोष त्या चित्रपटाचा नव्हे. धंद्याने त्यातून वेग उचलला, युद्ध उचललं, खेळण्यांची विक्री आणि पुढचे भाग उचलले, आणि ही कारागिरांची माया मागे टाकली. आज पडद्यावर अख्खी शहरं कोसळतात, आभाळ फाटतं, आणि माझ्या मनात काही हलत नाही. कोसळणाऱ्या शहराकडे क्षणभर बघत राहायलाही कुणी सवड देत नाही. हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

१९७७ साली या दोन वाटा, शांतपणे बघत राहण्याची आणि वेगाची, किती जवळ होत्या! ‘क्लोज एन्काउंटर्स’ आणि ‘स्टार वॉर्स’ या दोन्ही चित्रपटांना संगीत जॉन विल्यम्सचंच. स्पीलबर्गच्या यानाची प्रतिकृती करताना कारागिरांनी तिच्यावर ‘स्टार वॉर्स’मधला चिमुकला यंत्रमानव आर-टू-डी-टू चिकटवून दिला. तो अजून तिथे आहे.

खोपोलीजवळ हाळ नावाचं गाव आहे. ‘क्लोज एन्काउंटर्स’मधला भारतातला प्रसंग तिथे चित्रित झाला, पडद्यावर मात्र ते उत्तरेतलं धरमशाला आहे. माणसांचा मोठा जमाव पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो आहे. हे सूर कुठून आले, असं त्यांना विचारलं जातं. आणि एका क्षणात सगळे हात वर जातात, बोटंच बोटं, आभाळाकडे रोखलेली. जुन्या रस्त्याने पुण्याला जाताना खोपोली जवळ आली की मी खिडकीची काच खाली करते. गावात त्या दिवसाची खूण शोधायला मी कधी उतरले नाही. रस्त्यावरून आभाळ दिसतं, तेवढं पुरतं.

तुम्ही तो प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा एवढं लक्षात घ्या. त्यात यान दिसत नाही, त्याचा उजेडही नाही. वर केलेले हात तेवढे आहेत.