राजघाटचा काळा कातळ

गेल्या वर्षी आमची लेक मैत्रिणींबरोबर हवाईला जाऊन आली. घरच्या ग्रुपवर फोटोच फोटो! निळाशार समुद्र आणि त्याच्या काठाला डांबरासारखा काळा कातळ. किलाउआ ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रापर्यंत वाहत आला आणि तिथेच थिजला. २०१८च्या उद्रेकात तर त्या बेटाला सुमारे ८७५ एकर नवी जमीन मिळाली, पोहोइकीला काळ्या वाळूचा नवा किनारा तयार झाला. "आई, माझ्यापेक्षा लहान जमीन पाहिली मी!" असं ती फोनवर म्हणाली होती.

या जानेवारीत ती इंदूरला आली आणि त्याच आठवड्यात बऱ्हाणपूरला जायचं निघालं. कारण आनंदाचं नव्हतं. माझ्या माहेरचं घर विकायचं ठरलं होतं, सह्यांसाठी दादाने बोलावलं होतं. लेक म्हणाली, "मीही येते." तिच्या आठवणीत बऱ्हाणपूर म्हणजे मावा जिलेबी आणि आजीच्या अस्थी विसर्जनाचा दिवस, एवढंच.

सह्या दुपारपर्यंत आटोपल्या. रिकाम्या घरात बसवेना, म्हणून तिघं राजघाटावर गेलो. मागे शाही किल्ल्याची उंच भिंत, समोर तापी. हिवाळ्यात पाणी उतरतं आणि नदीतला दगडी हत्ती नीट दिसतो. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१०मध्ये इथून गेला, त्यानेही हा हत्ती पाहिला होता. तो इतका हुबेहूब, की पाणी प्यायला आलेल्या खऱ्या हत्तीने त्याला धडक देऊन आपलेच सुळे मोडून घेतले, अशी गोष्ट त्याने लिहून ठेवली आहे. आमच्या लहानपणी पूर किती आला, हे या हत्तीवरूनच सांगत.

लेक खाली वाकून खडकावरून हात फिरवत होती. "मामा, हा तर तिथलाच दगड! ही बारीक छिद्रंसुद्धा तशीच."

"तिथला कशाला? आपलाच," दादा हसला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. मग घाटाच्या पायरीवर त्याचा तास सुरू झाला. दोन्हीकडचा दगड बेसॉल्टच. छिद्रं म्हणजे लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. फरक वयाचा. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा थरावर थर वाहत राहिला. आज उरलेला त्याचा पसाराच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. धुळे-नंदुरबारकडे त्या भेगांत गोठलेल्या दगडाच्या भिंती अजून उभ्या दिसतात. हाच दगड झिजून आपली काळी माती झाली. कापूस आणि केळी तिच्यावरच पिकतात.

"मग आपल्याकडे काळ्या वाळूचा किनारा का नाही?" लेकीने विचारलं.

"आहे की! ही तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिथल्या डुमसची वाळू काळीच आहे."

लेक गप्प झाली. मीही. आईच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या होत्या. त्या कुठवर गेल्या असतील, हा विचार तोवर कधी मनात आला नव्हता.

पलीकडच्या काठाला झैनाबाद. तिथल्या आहूखान्यात १६३१मध्ये मुमताजमहलचं पहिलं दफन झालं; काही महिन्यांनी तिला आग्र्याला नेलं. लेक म्हणाली, "म्हणजे इथून सगळेच जातात." दादाने उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी घराला कुलूप लावण्याआधी दादाने विचारलं, "काही हवंय का यातलं?" भांडी आधीच वाटली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आईचा पाटा-वरवंटा तेवढा उरला होता. मिक्सर आल्यावरही चटणी ती पाट्यावरच वाटायची. पाटा गुळगुळीत झाला की दारावरून जाणाऱ्या टाकीवालीला बोलावून टाकी लावून घ्यायची.

लेकीने वरवंटा उचलला. "हवाईत दगड उचलू देत नाहीत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. हा नेऊ का मी?"

"सामानात वजन होईल गं," मी म्हटलं.

"होऊ दे. दोन ड्रेस कमी नेईन."

पाटा आता इंदूरला माझ्याकडे आहे, वरवंटा तिच्याकडे अमेरिकेत. ती त्याने फक्त आलं-लसूण ठेचते म्हणे. ठेचू दे.

बऱ्हाणपूरला आता आमचं घर नाही. तुमच्यापैकी कुणी गेलात, तर मुलांना घेऊन हिवाळ्यात जा, पाणी कमी असतं. हत्ती बघा, पण त्याआधी चपला काढून कातळावर थोडं उभे राहा. दुपारी तो छान तापलेला असतो.