गावापासून दूर उभी स्टेशनं

बेलापूरचं तिकीट काढायचं आणि श्रीरामपुरात उतरायचं, हे नगर जिल्ह्यात कुणाला नवं नाही. बेलापूर हे प्रवरेकाठचं जुनं गाव. रेल्वे आली ती त्याला काही मैल टाळून. पाटीवर नाव मात्र त्याचंच लागलं आणि पाटीभोवती जे शहर वाढलं त्याचं नाव श्रीरामपूर झालं. पुढे नवी मुंबईतही बेलापूर उभं राहिलं, तेव्हापासून तर गंमतच आहे. लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना फोनवर ‘बेलापूरला उतरा’ म्हणावं, तर पलीकडून उत्तर येतं, ‘अहो, आम्ही बेलापुरातच राहतो.’

खरं सांगायचं तर नगरचा माणूस रेल्वेचा नाही, एस्टीचा. राज्यातली पहिली एस्टी 1 जून 1948 रोजी धावली ती पुणे ते नगर याच रस्त्यावर. पुण्याहून सडकेनं नगर सुमारे 120 किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर आधी दौंड गाठा, मग काटकोनात उत्तरेकडे वळा. हा वळसा कशाला घ्यायचा? म्हणून माझ्यासारख्या अनेकांनी या मार्गावरची स्टेशनं पाहिली ती रात्रीच्या एक्सप्रेसमधून, अर्धवट झोपेत. फलाटावरचा एक दिवा, एक हिरवा झेंडा, की संपलं. यंदा पौषात ठरवलं की पॅसेंजर मिळेल तिनं दौंडहून निघायचं, वाटेल तिथं उतरायचं, कोपरगावपर्यंत जायचं.

दौंडला पूर्वी एक सोहळा असे. पुण्याकडून आलेल्या गाडीचं इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं आणि गाडी उलट्या दिशेनं नगरकडे निघायची. तेवढ्या वेळात डबाभर लोक चहा घेऊन येत. आता पुण्याहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या कॉर्ड लाईननं बाहेरच्या बाहेर वळतात. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण सोलापूरकडून येऊन नगरची गाडी धरणाऱ्याला मुख्य स्टेशनातून रिक्षा करून कॉर्ड लाईनचं स्टेशन गाठावं लागतं. माझ्यासमोर एक कुटुंब तीन बोचकी, एक म्हातारा आणि एक पत्र्याची पेटी घेऊन या धावपळीत सापडलं होतं. वाचलेली वीस मिनिटं कुणाची आणि घालवलेली वीस मिनिटं कुणाची, हे वेळापत्रकात दिसत नाही.

भीमेचा पूल ओलांडला की आपला जिल्हा लागतो. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, रांजणगाव रोड, सारोळा, अकोळनेर. या लोहमार्गाचा जन्मच मुळी आपल्यासाठी झालेला नाही. मनमाडवरून जाणारा उत्तरेचा फाटा आणि दौंडवरून जाणारा मद्रासकडचा फाटा मुंबईला न जाता आतल्या आत जोडावेत, म्हणून हा सुमारे 236 किलोमीटरचा मार्ग टाकला. तो खुला झाला 1878 साली. त्याआधीची दोन वर्षं दख्खनच्या भीषण दुष्काळाची. मातीकामावर राबले ते याच दुष्काळातले मजूर. रुळांना सपाट जमीन आणि कमी चढ हवा होता, गावांना तर नदी हवी असते. त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडली. श्रीगोंद्यासारखं गाव घ्या. महादजी शिंद्यांचा वाडा असलेलं, ‘योगसंग्राम’कार शेख महंमदांचं. त्याच्या वाट्याला आलं ते ‘श्रीगोंदा रोड’, म्हणजे इथं उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. गावापासून लांबच्या स्टेशनाला नावापुढे ‘रोड’ जोडायची ही पद्धत इंग्रजांनी आपल्या घरूनच आणली होती.

तिथली अशी स्टेशनं कशी असतात ते मी एकदा पाहिलं आहे. भाची लीड्सला असते. तिच्याकडे गेलो असताना कार्लाइलकडे जाणाऱ्या गाडीनं डेंट नावाच्या स्टेशनावर उतरलो. इंग्लंडमधल्या मुख्य मार्गांवरचं हे सर्वांत उंच स्टेशन, समुद्रसपाटीपासून 1150 फुटांवर. वरच्या डोंगरउतारावर जुन्या स्लीपर उभ्या पुरून केलेलं कुंपण आहे. बर्फ रुळांवर येऊ नये म्हणून. स्टेशनमास्तर नाही, तिकीटखिडकी नाही, चहा तर नाहीच. जुनी दगडी इमारत आता सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं देतात. आणि डेंट गाव? खाली दरीत, चार मैलांवर, सहाशे फूट उतरून. त्या दिवशी बस नव्हती. भाची म्हणाली, ‘मामा, आपण श्रीगोंदा रोडलाच आलोय असं समज आणि चाल.’ चाललो. उतरताना काही वाटलं नाही. परतीचा चढ मात्र अजून आठवतो.

तो मार्गही आपल्या मार्गाच्याच पिढीतला, 1876 साली प्रवाशांसाठी खुला झालेला. 1963 मध्ये बीचिंग नावाच्या रेल्वेप्रमुखानं अहवाल देऊन देशातली 2,363 स्टेशनं बंद करायची शिफारस केली, आणि त्यातली बरीचशी बंद झालीही. ऐंशीच्या दशकात डेंटच्या मार्गावरही पाळी आली. तिथल्या कायद्यानुसार प्रवासी सेवा बंद करण्यापूर्वी प्रवाशांच्या लेखी हरकती घ्याव्या लागत. त्या हजारोंनी आल्या. त्यात एक हरकत रस्वार्प नावाच्या कुत्र्याची होती, सहीच्या जागी पंजाचा ठसा. तो रोज मालकाबरोबर प्रवास करी, म्हणून त्याची हरकतही धरली गेली. 1989 मध्ये मार्ग वाचला. गार्सडेल स्टेशनावर आता त्या कुत्र्याचा पुतळा आहे.

आपल्याकडे सहसा स्टेशन बंद होत नाही, थांबा जातो. पाटी, फलाट, कडुनिंब सगळं जागच्या जागी राहतं, फक्त गाडी थांबत नाही. त्यावर हरकत घेण्याची काही रीतसर सोय नसते. मग निवेदन, खासदारांची भेट, फारच झालं तर रेल रोको. कोरोनात पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना एक्सप्रेसचं भाडं लागलं आणि दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते पुन्हा दहावर आलं. पण मधल्या काळात ज्यांनी मोटारसायकल घेतली ते काही ती विकून परत स्टेशनावर आले नाहीत.

श्रीगोंदा रोडला समोरच्या बाकावर एक मावशी येऊन बसल्या. राहुरीला लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. मी विचारलं, ‘एस्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना, मग गाडीनं कशाला?’

‘तिकीट अर्धं हाये भाऊ, पर गुडघं पुरं दुखत्यात. नगरला उतरा, दुसरी गाडी धरा, धक्के खा. हितं पाय पसरून बसता येतं. आन् मोरी हाये.’

शेवटची गोष्ट त्यांनी जरा हळू आवाजात सांगितली, पण मुद्दा तोच होता. साठीच्या पुढची बाई प्रवासाला निघताना आधी काय बघते, हे प्रवासी सुविधांच्या कुठल्याही कागदाहून त्या एका वाक्यात नीट कळतं. पुढे वाटेत एका स्टेशनावर मी उतरलो, तेव्हा बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

विसापूरला गाडी लूपवर घेतली. मागून एक्सप्रेस येत होती. एकेरी मार्ग होता तेव्हा या मार्गावरच्या प्रत्येक छोट्या स्टेशनाचा दिवस अशा क्रॉसिंगवरच चाले. गाडी अर्धा तास उभी, लोक खाली उतरत, भेळवाला गाठत, मास्तरांशी राजकारण बोलत. आता बऱ्याच भागात दुहेरीकरण झालं, वर विजेच्या तारा आल्या, फलाट उंच झाले, लोखंडी पूल आले. गाड्या तेवढ्या खोळंबत नाहीत आणि भेळवालाही नाही. मला हे वाईट वाटत नाही. अर्धा तास उन्हात उभं राहण्यात काव्य शोधणारा माणूस बहुधा त्या गाडीत नसतो. विसापूर म्हटलं की जुन्या माणसांना तलाव आठवतो आणि तुरुंग. सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना इथल्या तुरुंगात आणून ठेवत. तो आता खुलं कारागृह आहे.

रांजणगाव रोडनंतर ज्वारी दाट होत गेली. हुरड्याचे दिवस होते. सारोळा मागे पडलं, अकोळनेर आलं. आज ते ओळखलं जातं तेलाच्या डेपोमुळे. साईडिंगला टँकरच्या वाघिणींची लांबच लांब रांग उभी होती. याच गावी 1868 मध्ये दासगणू महाराज जन्मले, पण स्टेशनावर त्याची खूण दिसली नाही. पुढे अरणगावजवळ रूळ थेट मेहेराबादेच्या मधून जातात. एका बाजूला खालचा परिसर, दुसऱ्या बाजूला टेकडीवर मेहेरबाबांची समाधी. 31 जानेवारीच्या अमरतिथीला इथं जगभरातून माणसं येतात, तेव्हा फाटक ओलांडणाऱ्यांत किती भाषा ऐकू येतात ते मोजता येत नाही.

नगरला गाडी थांबली तेवढ्यापुरता मी उतरलो. 2025 पासून पाटी अहिल्यानगर अशी आहे. डब्यात मात्र ‘नगर आलं का?’ असंच चाललं होतं. लष्कराचं गाव असल्यानं इथं उघड्या वाघिणींवर ताडपत्री घातलेले रणगाडे दिसतात आणि कुणी मान वळवून पाहत नाही. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईहून निघालेल्या खास गाडीतून गांधीजींना चिंचवडला उतरवलं आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरेंना पुढे याच स्टेशनावर आणून किल्ल्यात नेलं. स्टेशन शहराच्या दक्षिण टोकाला, माळीवाड्यापासून दूर. बंदोबस्ताच्या दृष्टीनं ते सोयीचंच झालं असेल. आम्हाला मात्र एस्टी स्टँडवर जायला आजही रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते.

फलाटावर आष्टीकडची गाडी लागलेली होती. नगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला, आष्टीपर्यंत गाडी धावली 23 सप्टेंबर 2022 ला आणि बीडला पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. तीस वर्षं. मंजुरीच्या बातमीवर पेढे वाटणारा माणूस आता नातवाला घेऊन बसत असेल. याच मार्गावरच्या कड्याच्या एका शिक्षकांशी बोललो. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ‘गाडी आली, आनंद आहे. पण आमच्याकडून सगळ्यात जास्त माणूस बाहेर पडतो तो उसतोडीला. तो बायको, पोरं, बैलं, भांडीकुंडी घेऊन निघतो. तो ट्रकमधूनच जाणार. गाडी लागेल ती दवाखान्याला आणि कॉलेजला. आणि त्यासाठी सकाळची वेळ पाहिजे.’

नगरनंतर निंबळक, विळद, मग गाडी वळणं घेत वांबोरीकडे उतरते. हा या प्रवासातला सर्वांत देखणा तुकडा. उजाड माळ, मध्येच कातळ, खाली अचानक हिरवं. राहुरीला मावशी उतरल्या. 1968 पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथं आहे, त्यामुळे पाठीवर सॅक घेतलेली चार पोरं चढली आणि डब्यात पहिल्यांदा गाणी वाजली. मुळा ओलांडली, प्रवरा ओलांडली आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

या उसानंच बेलापूर स्टेशनाला शहर दिलं. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी आलं. हरेगावची बेलापूर कंपनी, पुढे 1933 ची टिळकनगरची मिल आणि मग 1950 च्या सुमारास लोणीचा सहकारी कारखाना. साखर आणि गूळ वाघिणीत भरायला सगळ्यांना हाच मालधक्का. गाव रेल्वेकडे गेलं नाही, तर रेल्वेनं शेजारी नवं गाव उभं केलं, अशी ही जिल्ह्यातली सर्वांत ठळक गोष्ट. नाव बदलून श्रीरामपूर करा ही मागणी जुनी आहे. मला विचाराल तर करावं. इतिहास जपायला पाटी लागत नाही आणि पाहुणे तरी नव्या मुंबईत उतरणार नाहीत.

पुणतांब्यात गोदावरी भेटते, आणि चांगदेवांची समाधी. जून 2017 चा शेतकरी संप याच गावातून उठला. इथूनच शिर्डीचा फाटा फुटतो. 2009 मध्ये साईनगर शिर्डी स्टेशन सुरू झालं आणि फेब्रुवारी 2023 पासून मुंबईची वंदे भारतही इथून जाते, न थांबता. पांढरी-निळी गाडी समोरून गेली तेव्हा डब्यातल्या एका गृहस्थांनी तिच्याकडे पाहून नुसतं ‘हं’ केलं. त्यांना शेजारच्या गावी जायचं होतं.

कोपरगावला अंधार पडता पडता पोचलो. साईबाबांच्या हयातीत शिर्डीचा प्रवासी इथंच उतरायचा आणि टांग्यानं गोदावरी ओलांडून पुढे जायचा. टांगे गेले, तरी फलाटाबाहेरची हाक तीच राहिली. तीन रिक्षावाले एकदमच म्हणाले, ‘शिर्डी? शिर्डी?’

‘कोपरगाव,’ मी म्हणालो.

दोघं निघून गेले. तिसरा थोडा वयस्कर होता. ‘गावात एकट्याला नेणं परवडत नाही, काका. बसा, अजून दोघं आले की निघू.’

अजून दोघं यायचे म्हणजे पुढची गाडी यायला हवी होती. तोवर आम्ही समोरच्या टपरीवर चहा सांगितला.