तंगूस

आमचे तात्या कुलाबा जिल्ह्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले तरी त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत कुलाबाच राहिला. अशा माणसाला सत्तरी उलटल्यावर अर्धांगवायूचा झटका येऊन डावे अंग लुळे पडले, पण वाचा मात्र शाबूत राहिली, त्यामुळे रेवदंड्याच्या आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीचा कारभार पूर्ववत त्यांच्या हुकुमांवरच चालू राहिला. फरक एवढाच, की ते हुकूम आता माजघरातल्या खाटेवरून सुटू लागले.

अर्धांग म्हटले की आमच्याकडे वैद्य-डॉक्टरांच्या आधी मालिशवाल्याचे नाव निघते. थेरोंड्याचा एक वृद्ध कोळी, ज्याला सारा गाव नुसता नाखवा म्हणे, ओवा आणि लसूण कढवलेले खोबरेल बाटलीत घेऊन रोज सकाळी येऊ लागला. डोल ओढून ओढून त्याचे तळवे खडबडीत झाले होते, पण पाठीवर फिरू लागले की तात्यांसारखा तक्रारखोर इसमही पाच मिनिटांत घोरू लागे. शेवटी लुळा हात मनगटाशी धरून तो जाळे ओढल्यासारखा हिसडा देई, आणि खांद्यात काहीतरी कटकन वाजले की आम्हा सर्वांना, सांधा मोकळा झाला म्हणून, समाधान वाटे. त्या समाधानाची आज मला लाज वाटते.

त्याहून मोठा अपराध माझ्या हातून घडला. पौषातल्या एका रात्री तात्यांचे पाय गार लागले म्हणून मी तव्यावर वाळू तापवून तिची पुरचुंडी त्यांच्या तळपायांना लावली. डाव्या पायाशी मी भीतभीतच वागलो, पण उजवा तर धडधाकट आहे, चटका बसला तर तात्या ओरडतीलच, या भरवशावर तो मनसोक्त शेकला. तात्या ओरडले नाहीत. सकाळी उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता. वीस वर्षांच्या मधुमेहाने दोन्ही तळपायांची संवेदना केव्हाच नेली होती, आणि आम्ही मात्र अर्धांगाच्या नादात अंगाची रोगी व निरोगी अशी सरळ वाटणी करून मोकळे झालो होतो.

ती जखम भरायला दोन महिने लागले, आणि तिच्याच निमित्ताने अलिबागहून एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा एस.टी.ने येऊ लागल्या. मुंबईत पोलिओची साथ आल्यावर परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली या विद्येची शाळा निघाली, हे मला त्यांच्याकडूनच कळले. तोवर हा शिकून करण्याचा धंदा आहे, अशी आमची समजूतच नव्हती. त्यांनी पिशवीतून एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड धागा होता. तात्यांना डोळे मिटायला सांगून त्या धाग्याचे टोक त्यांनी तळव्याला एकेका ठिकाणी टेकवले. दहा ग्रॅमचा दाब पडला की धागा वाकतो आणि तेवढा स्पर्श ज्याला कळत नाही त्याच्या पायाला इजेचे भय असते, असा त्यामागचा हिशेब.

"लागलं की सांगा हं, तात्या."

तात्या गप्प. धागा चार वेळा वाकला.

"सुरू केलंत की सांगा," तात्या म्हणाले.

कोपऱ्यात बसलेला नाखवा पुढे सरकला. "बाई, ही तर आमची तंगूस! गळाला लावतो ती."

मला वाटते, त्या क्षणापासून तो त्यांचा शिष्य झाला. पदवी पाहून त्याने बाईंना मानले असते की नाही, याची मला शंका आहे. लुळा हात ओढायचा नाही, कारण त्याला जागेवर धरणारे स्नायूच शिथिल असल्याने खांदा निखळतो; तो कोपराखाली आधार देऊन उचलायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तेव्हा रगडायचे नाही, कातडीखाली काळेनिळे डाग उठतात. इन्सुलिनची सुई मांडीत टोचली असेल त्या दिवशी ती मांडी वर्ज्य. चोळल्याने औषध रक्तात लवकर उतरते आणि साखर एकाएकी खाली येते. बोटांच्या बेचक्यांत तेल राहू द्यायचे नाही. आणि सर्वांत कडक ताकीद पोटरीबद्दल: एकच पोटरी सुजलेली, ऊन लागणारी दिसली तर तिला हातही लावायचा नाही, कारण आत शिरेत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस बसल्या जागी दगावतो.

शेजारच्या वैद्यबुवांना हे मनाई हुकूम फारसे रुचले नाहीत. अष्टांगहृदयात अभ्यंग नित्य करावा, डोके, कान व पाय यांना तर विशेष, असे सांगितले आहे, हा त्यांचा आक्षेप. परंतु कफाने ग्रासलेला, नुकतेच शोधन झालेला आणि अजीर्णाचा रोगी यांना वाग्भटाने तिथेच अभ्यंग वर्ज्य केला आहे, हेही त्यांनीच, काहीशा नाखुषीने, कबूल केले. "म्हणजे मूळ कायद्यातच अपवादाचे कलम आहे," तात्या म्हणाले, "आणि तुम्ही मंडळी पहिले कलम वाचून दप्तर बांधता."

त्यानंतर नाखव्याचे मालिश पाहण्यासारखे झाले. तेल तो आधी आपल्या मनगटावर पाही, मग तात्यांच्या पावलांना हाताची पालथी बाजू लावी, टाचा उजेडाकडे वळवून न्याहाळी, आणि ज्या बोटांनी जाळ्याचे दोर आवळले तीच बोटे लोण्यावर फिरावीत तशी हलकी फिरवी. तात्या हल्ली घोरत नसत. "पूर्वीचा जोर राहिला नाही," अशी त्यांची लेखी नव्हे तरी तोंडी तक्रार माझ्याकडे गुदरली गेली, ती मी दाखल करून घेतली आणि पुढे काहीही केले नाही.

एका सकाळी वाटीत तेल ओतल्यावर नाखवा डाव्या पोटरीशी थबकला. त्याने खिशातून तंगुसाचा हातभर तुकडा काढला, उजव्या पोटरीभोवती गुंडाळून तिथे गाठ मारली, मग डावीभोवती गुंडाळून दुसरी. दोन गाठींमध्ये दोन बोटांचे अंतर पडले.

"आज तेल नाय," तो म्हणाला. "आदी डागदर."

तात्यांनी गाठींकडे पाहिले. "मंजूर," ते म्हणाले, आणि मी गाडीच्या तजविजीला धावलो.

गुठळीच होती. अलिबागेहून अकरा दिवसांनी तात्या परत आले तेव्हा नाखवा ओटीवर येऊन बसला होता. तोच तुकडा त्याने पुन्हा पोटरीभोवती लावला.

"अजून एक बोट हाय," म्हणाला, आणि पायांकडे पाठ करून उजव्या हाताला तेल लावू लागला.