दोरी ओढायची परवानगी

काटेवाल्या घड्याळावर माउस ठेवला की सेकंदकाट्यामुळे कर्सर हलत राहतो आणि चॅटमधला हिरवा ठिपका पिवळा होत नाही. ही विद्या मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवली नाही. ती शिकवली माझ्या टीममधल्या सगळ्यात चांगल्या मुलाने. कुणी न सांगता रात्री दोनला उठून प्रॉडक्शनमधला बग सोडवणारा हा मुलगा. मग कंपनीने सगळ्यांच्या लॅपटॉपवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर टाकलं. महिनाभरात हा पठ्ठ्या साडेसहाच्या ठोक्याला लॉगआउट करायला लागला आणि दुपारी घड्याळावर माउस ठेवून झोपायला लागला. पकडला गेला तेव्हा मॅनेजर आम्हाला म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच लक्ष ठेवावं लागतं."

मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांच्या हातात खरोखरच पुरावा होता. फक्त तो त्यांनीच तयार केला होता.

एमआयटीतले प्राध्यापक डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये 'द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइझ' या पुस्तकात हेच मांडलं होतं. एमबीएवाल्यांना ते 'थिअरी एक्स, थिअरी वाय' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ असतं: एक्स माणूस कामचुकार, वाय माणूस मेहनती. पण मॅकग्रेगर माणसांचे दोन प्रकार सांगतच नव्हते. ते साहेबांच्या डोक्यातल्या दोन गृहीतकांबद्दल बोलत होते. माणूस आळशी दिसतो तो बहुतेक वेळा त्याला मिळालेल्या वागणुकीमुळे, आणि साहेब मात्र तोच त्याचा स्वभाव समजतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटची गोष्ट बघा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना बदनाम होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, सोमवारी लाइन सुरू करायला माणसं कमी पडायची, कामावर दारू चालायची. काही जण गाडीच्या दाराच्या पत्र्यात मुद्दाम रिकामी बाटली टाकायचे, म्हणजे विकत घेणाऱ्याला आयुष्यभर खडखड ऐकू यावी! एक नियम मात्र कडक होता: काहीही होवो, लाइन थांबवायची नाही. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला.

१९८४ मध्ये टोयोटाने जीएमच्या भागीदारीत तोच पुन्हा सुरू केला. नाव न्यूमी. युनियन तीच, सुरुवातीचे सुमारे ८५ टक्के कामगारही तेच. त्यांतल्या कित्येकांना जपानला नेऊन शिकवलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी दिली. गडबड दिसली की ओढायची. टीम लीडर धावत येणार, प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबणार. दोनेक वर्षांत इथल्या गाड्या जपानी कारखान्याच्या तोडीच्या झाल्या, गैरहजेरी दोन-चार टक्क्यांवर आली.

मला दोरीपेक्षा पुढचा भाग जास्त पटतो. १९८८ च्या सुमारास गाड्यांचा खप पडला. कारखाना पूर्ण क्षमतेने चालत नव्हता, पण कुणालाही काढलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिलं, कामात सुधारणा करायला बसवलं. विश्वास खर्चिक असतो. 'वी आर अ फॅमिली' असा मेल पाठवायला खर्च येत नाही, म्हणून तो दर दिवाळीला येतो.

जीएमच्याच व्हॅन नाइस कारखान्यात नंतर दोरी बसवून पाहिली. पण तिथल्या मॅनेजरांचं मोजमाप अजून किती गाड्या बाहेर पडल्या यावरच होतं, त्यामुळे ओढणाऱ्यालाच झापलं जायचं. आपल्याकडच्या निम्म्या 'अजाइल'ची हीच गत आहे. बोर्ड आहे, रंगीत चिठ्ठ्या आहेत, फक्त स्टँडअपमध्ये "अडकलोय" म्हणायची कुणाची छाती होत नाही.

सध्याच्या माझ्या टीममध्ये रिलीज मागे घ्यायला कुणालाही विचारावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एका फ्रेशर मुलीने, तिसऱ्याच आठवड्यात, रात्री पावणेअकराला ते मागे घेतलं. गरज नव्हती, हे सकाळी कळलं. एक क्लायंट चांगलाच वैतागला होता. स्टँडअपला ती गप्प गप्प होती. लीडने विचारलं, "अगं, तुला नेमकं काय दिसलं होतं?" तिने स्क्रीन शेअर केली. अलर्टची मर्यादाच चुकीची लावलेली होती, आठ महिन्यांपासून, आणि आम्ही बाकीचे सगळे तो रोज म्यूट करत होतो.