वाडीतला उजेड

भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी माझे सहा तंबू आहेत. मे संपत आला की आमच्याकडं काजव्यांचा हंगाम असतो. हिरडा, बेहडा, सादडा, असली झाडं रात्री पेटल्या-विझल्यासारखी दिसतात आणि ती बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्या पंधरा-वीस दिवसांत वर्षाचं निम्मं मीठ-मिरची निघतं. २०२० साली टाळेबंदीमुळं एकही गाडी आली नाही. काजवे मात्र आले होते. आम्ही घरचीच माणसं अंगणात बसून ते बघायचो, फुकटात.

३ जूनचा बुधवार. ‘निसर्ग’ वादळ दुपारी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं आणि पुण्यावरून संध्याकाळपर्यंत आमच्या अकोले तालुक्याच्या अंगावर आलं. जोर ओसरला होता तरी रात्रभर वारा घोंगावत होता. माझ्या गोठ्याचे चार पत्रे गेले. दोन शेजारच्या खाचरात सापडले, एक ओढ्यात, एकाचा पत्ता अजून नाही. सकाळी आम्ही भाताच्या राबात पडलेलं आंब्याचं झाड तोडलं, पत्रे ठोकले, त्यावर दगड ठेवले आणि वादळ संपलं. म्हणजे आमच्यापुरतं संपलं.

माझा मूळ धंदा वायरमनचा. तंबू नंतरचे. आठवड्याभरात संगमनेरच्या ठेकेदाराचा फोन आला, “श्रीवर्धनजवळ दिवेआगरला खांब उभे करायचेत, टोळी घेऊन येतोस का?” घरात पैसा नव्हता, ‘नाही’ म्हणण्याचा प्रश्न नव्हता. बारा जण, टाळेबंदीतला ई-पास, तोंडाला फडकी, दोन पोती बाजरीचं पीठ, पहारी, दोर, चेनब्लॉक असं सगळं टेम्पोत भरून आळेफाटा, ताम्हिणी, माणगाव करत निघालो. माणगाव तपासणी नाक्यावर पोलिसानं पास बघितला. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा अहमदनगरच होतं. “नगरहून इथं?” एवढंच त्यानं विचारलं आणि हात जोडले. पोलिसानं हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

म्हसळ्याच्या पुढं झाडं एका अंगाला निजलेली दिसायला लागली. सगळ्यांची डोकी एकीकडं. डोंगरावर जे उभं होतं त्याला पान नव्हतं. ऐन जूनच्या तोंडाला डोंगर वणवा लागून गेल्यासारखा तांबूस दिसत होता. बोर्लीपंचतनच्या बाजारात एका दुकानापुढं मोठी रांग होती. मला वाटलं रेशनची असेल. ती ताडपत्रीची होती.

दिवेआगरला मी पूर्वी एकदा आलो होतो, लग्नानंतर, सुवर्णगणेशाला. १९९७ साली तिथं एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती निघाला आणि गावाचं नशीब पालटलं. पर्यटक येऊ लागले, घरोघरी खोल्या निघाल्या. २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांना मारून मूर्ती पळवली. तरी समुद्र होता, उकडीचे मोदक होते, आणि त्या वाड्या होत्या. मला त्या फेरीतलं सगळ्यात लक्षात राहिलं होतं ते वाडीतलं गार अंधारं. भर दुपारी चप्पल काढून पाटाच्या पाण्यात पाय ठेवला होता आणि वर बघितलं तर आभाळाचा रुपयाएवढा तुकडासुद्धा दिसत नव्हता.

आता गावात शिरलो तर आभाळच आभाळ. आमच्या टोळीतला सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, “दादा, गाव किती मोकळं आहे!” त्यानं आधीचं पाहिलं नव्हतं. मी त्याला काही बोललो नाही.

आमची राहायची सोय एका घरगुती लॉजमध्ये केली होती. चार खोल्या पाहुण्यांच्या, पुढं कौलारू जुनं घर. घराची अर्धी कौलं फुटलेली, त्यावर निळी ताडपत्री. पाहुण्यांच्या खोल्यांवर स्लॅब होता, त्या शाबूत. त्यामुळं घरातली माणसं पाहुण्यांच्या एका खोलीत राहत होती, आम्ही तीन खोल्यांत, आणि घर भिजत होतं. घरमालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायला लागलो, त्यांच्या सासूबाईंना आजी. काका फारसं बोलत नसत. भिंतीवर दरांचा फळा तसाच होता: दोन माणसांची खोली, जादा गादी, मोदकांची ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी.

आजींनी पहिल्याच संध्याकाळी वादळाची हकीकत सांगितली. दुपारी बारा-साडेबाराला जोर धरला आणि दोन-तीन तास कुणी कुणाशी बोलू शकलं नाही, एवढा आवाज. “माड उपटायच्या आधी हलतो हो, कळतं. पोफळ सांगत नाही. ताड्कन मोडते.” ते मोडण्याचे आवाज त्या मोजत होत्या. पन्नाशीनंतर मोजणं सोडलं. दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. गल्लीतला वड आडवा झाला होता. बायकांनी त्या आडव्या वडालाच सूत गुंडाळलं, फेऱ्या मात्र घालता येईनात, कारण बुंध्याच्या एका बाजूला कुणाची तरी पडवी होती.

काम अवघड होतं आणि का अवघड होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं लाईन शेताच्या बांधावरून, रस्त्याकडेनं जाते. तिथं ती वाड्यांमधून जाते. एक माड तारेवर पडला की तार तुटत नाही, ती खांबाला ओढते, तो खांब पुढच्याला. अशा ओळीच्या ओळी झोपल्या होत्या. नवा खांब उभा करायचा तर आधी पडलेली झाडं तोडून वाट करायची. दोन गडग्यांमधल्या बोळांत क्रेन शिरत नाही, म्हणून आठ मीटरचा सिमेंटचा खांब दोरानं, फळ्यांवरून, खांद्यावरून न्यायचा. समुद्राच्या बाजूला वाळू. तीन फूट खणलं की कड ढासळते, चार फुटांवर पाणी लागतं. आम्ही डोंगरातली माणसं, मुरूम फोडायची सवय. ढासळणाऱ्या खड्ड्याचा आम्हाला राग यायचा. शेवटी एका म्हाताऱ्या गावकऱ्यानं युक्ती दिली. पोफळीचे ओंडके खड्ड्यात चौकटीसारखे उभे केले, तेव्हा कड थांबली. पोफळीला तिथं आता तोटा नव्हताच.

वर पाऊस. १२-१४ जूनला तो लागला आणि हटेना. झाडाखाली उभं राहावं तर झाड नाही.

वीज नाही म्हणजे दिवा नाही, असं आपल्याला वाटतं. तिथं कळलं की वीज नाही म्हणजे आधी पाणी नाही. प्रत्येक घराला विहीर होती, पण विहिरीवर मोटर. रहाट कधीच मोडीत गेले होते. काकूंच्या विहिरीला दोर नव्हता, कप्पी नव्हती, वाकून पाणी काढायची कुणाला सवय नव्हती. मी आमच्या कामाच्या दोरातला तुकडा कापून दिला आणि लोखंडी पाइप आडवा टाकून कप्पी बसवली. त्याआधी जनरेटरवाला यायचा, टाकी भरून द्यायचा, पैसे घ्यायचा. मोबाईल चार्ज करायचेही पैसे. रेंज नव्हतीच, तरी लोक फोन चार्ज करून ठेवायचे.

मदतीच्या गाड्या येत होत्या. लोकांची माया खोटी नव्हती. पण गाड्या रस्त्याला लागून असलेल्या गावांत थांबायच्या, आणि बिस्किटं, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या यांचा ढीग व्हायचा. हवे होते ते कौलं, पत्रे, खिळे आणि करवती. झाड कापणारी यंत्रकरवत ज्याच्याकडं होती तो त्या महिन्यात गावातला सगळ्यात मोठा माणूस.

एकदा रात्री कंदिलाभोवती बसलो असताना पंचनाम्याची गोष्ट निघाली. हा विषय आम्हा नगरवाल्यांचा. दुष्काळ, गारपीट, अवकाळी; तलाठी येतो, लिहून नेतो, यात आमची हयात गेली. सरकारनं तेव्हा फळबागेला हेक्टरी ५० हजार जाहीर केले होते. मला रक्कम बरी वाटली, तसं मी म्हणालोही. काका पहिल्यांदा नीट बोलले. “आमच्या गावात हेक्टर कुणाकडं आहे? माझी वाडी दहा गुंठे. त्यात दोनशेवीस पोफळी, अठरा माड. हेक्टरानं मोजलं तर पाच हजार. आणि सातबाऱ्यावर नावं सतरा, त्यातली अकरा मुंबईला.” पुढं सरकारनं झाडावर भरपाई धरली, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये. काकांच्या वाडीचा हिशेब मी मनात केला तो साडेपंधरा हजार. हेक्टराच्या तिप्पट, हे खरं. पण माडाला २५० म्हणजे त्याच माडाच्या आठ-दहा नारळांचे पैसे.

मला खरा फरक त्या रात्री कळला. आमचं नुकसान हंगामाचं असतं. बाजरी गेली तर गेली, पुढच्या मृगाला पुन्हा पाभर धरायची. पोफळ लावल्यावर सहा-सात वर्षांनी सुपारी धरते, माडाचंही तसंच. काका त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्या वाडीतली निम्मी झाडं आजोबांनी लावलेली होती. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव देशभर आहे; ती विकून घर चालायचं आणि पाहुण्यांच्या खोल्यांचं कर्ज फिटायचं. आणि पाहुणे कशाला यायचे? समुद्र तर अलिबागलाही आहे. ते त्या गार वाडीत खाट टाकून दुपारी झोपायला यायचे. म्हणजे एका दुपारी दोन्ही धंदे गेले, आणि कोरोनानं मार्चपासून खोल्यांना कुलूप घातलेलंच होतं.

मी माझ्या तंबूंची गोष्ट सांगितली. काजवे, रिकामा हंगाम, परत केलेले ॲडव्हान्स. काकू लगेच म्हणाल्या, “तुम्ही परत केलेत? आम्हीपण केले. एकानं नको म्हटलं, पुण्याच्या एका कुटुंबानं. म्हणाले, कौलांना ठेवा.” त्यानंतर आमचं बोलणं दोन लॉजवाल्यांसारखं व्हायला लागलं. गिऱ्हाईक टॉवेल कसे नेतं, उशिरा जेवण मागतं, फोटो वेगळा आणि खोली वेगळी म्हणून कसं भांडतं. काका हसले. त्या घरात हसू ऐकलं ते त्या रात्री.

२१ जूनला सूर्यग्रहण होतं. आभाळ भरून आलेलं, दिसलं काहीच नाही. आजींनी पाळलं, आम्ही खड्डे खणले.

आमच्या आळीत वीज आली तेव्हा महिना उलटून गेला होता. डीपीवरून चार्ज करायच्या आधी मी प्रत्येक घरी जाऊन मेन स्विच बंद आहे का ते बघून आलो, कारण भिजलेल्या भिंतींत झटका बसतो. संध्याकाळी पाचला लाईन चालू केली. मला वाटलं होतं लोक दिवे लावतील, आरडाओरडा करतील. गावभर पहिला आवाज आला तो मोटरींचा. काकू नळाखाली हात धरून उभ्या होत्या. मग पाहुण्यांच्या खोलीतला पंखा लावून बघितला, तो गंजून कुरकुरत फिरला. आजी म्हणाल्या, “आता तो बाहेरचा मोठा दिवा लावू नका रे, वाडी दिसते.” ओसरीवरचा तो दिवा पूर्वी फार तर पायरीपर्यंत पोचायचा. आता त्याचा उजेड थेट मागच्या गडग्यापर्यंत जात होता, ओंडक्यांवरून.

आमचे पैसे ठेकेदारानं दिवाळीला दिले, तेही कापून. ती वेगळी रड आहे.

परत गेलो ते जानेवारी २०२३ मध्ये, बायको आणि मुलीला घेऊन. गणपती २०२१ च्या नोव्हेंबरात परत देवळात बसला होता, रस्त्यावर गाड्या होत्या. काही वाड्यांच्या जागी पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग झालं होतं, एके ठिकाणी निळा स्विमिंग पूल. मला ते आवडलं नाही, पण मला नावडायला काय जातं? सात वर्षं थांबायचं त्यांना होतं.

काकांनी मात्र वाडी लावली होती. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावल्या होत्या, आणि केळीच्या सावलीत कमरेएवढी रोपं. मुलीला मी म्हटलं, इथं पूर्वी आभाळ दिसत नव्हतं. तिनं वर बघितलं, केळीच्या पानांतून भरपूर दिसत होतं. तिला ते खरं वाटलं नसावं.

आजी गेल्या होत्या, मागल्या पावसात. काकूंनी मोदक केले, निघताना खोलीचं भाडं पूर्ण घेतलं, हंगामाच्या दरानं. मला बरं वाटलं. भाडं सोडण्याची पाळी येऊन गेलेल्या घरानं ते मोजून घ्यावं, हे मला धंद्यातला माणूस म्हणून कळतं. मीही त्यांना काजव्यांचं आमंत्रण दिलं आणि तंबूचा दर सांगितला.

जाताना बोळात आम्ही उभा केलेला पहिला खांब बघायला गेलो. वाळूतला असल्यामुळं बोटभर कलला होता, ताण मात्र घट्ट होता. त्याच्या अंगाला कुणीतरी तारेनं पाटी बांधली होती, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’, खाली बाण. विजेच्या खांबाला पाट्या बांधायला मनाई असते. मी तार जरा सैल होती ती पकडीनं पिळून घट्ट केली आणि गाडीत बसलो.