भिंतीपलीकडचे कान

आमच्या वाड्यात पेटीचा भाता उघडला की समोरच्या गुजराती बिऱ्हाडातल्या बा हातातलं निवडायचं ताट खाली ठेवायच्या. दांडिया बाजारातला दुमजली वाडा, मधोमध चौक, चौकात नळ. बिऱ्हाडं आठ, त्यातली सहा मराठी, दोन गुजराती. कोणाच्या फोडणीत हिंग जास्त पडला तेही सगळ्यांना कळायचं, तिथे पेटीच्या आवाजाची काय कथा! १९६९ साली वडिलांची साताऱ्याहून बडोद्याला बदली झाली आणि आम्ही आजोबांच्या या घरात राहायला आलो. मी आठ वर्षांची होते. त्या दिवाळीत आजोबांनी पलंगाखालची पेटी बाहेर ओढली, ओल्या फडक्याने पुसली आणि माझं बोट काळी एकवर ठेवलं.

पहिल्याच आठवड्यात बांनी मला विचारलं, "तने वाजापेटी आवडे छे?" मी जोरजोरात मान हलवली. "तो वगाड," म्हणत त्या ओटल्यावर मांडी घालून बसल्या. माझी बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. मला अजून सा रे ग म सुद्धा सलग येत नव्हतं. गुजरातीत ‘आवडे छे’ म्हणजे ‘येतं का’, हे मला त्या दिवशी कळलं. साताऱ्याच्या मुलीच्या कानाला तो प्रश्न ‘तुला पेटी आवडते का’ असाच ऐकू आला होता. आवडतं आणि येतं, या दोन्हींसाठी एकच शब्द असलेल्या गावात मी पेटी शिकले.

बांनी संगीताचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. रागाचं नाव त्यांना सांगता येत नसे. पण रोज संध्याकाळी सहा ते सात माझे पलटे त्यांच्या कानावर पडत होते, त्यामुळे कुठल्या ठिकाणी मी अडखळते ते त्यांना माझ्याआधी कळायचं. "काले तो आवडतुं हतुं, आजे शुं थयुं?" त्या खिडकीतून विचारायच्या, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. वरच्या मजल्यावरचे काका तबल्याचे. डग्ग्यावर नुसती थाप मारून ते मला लय पळतेय असं सांगायचे. कधी कधी खाली न येता वरूनच ठेका धरायचे, आणि मी त्या ठेक्याला धरून वाजवायचे. मधे लाकडी जिना, चौक आणि दोरीवर वाळणारे कपडे. समोरासमोर बसून आम्ही वर्षभरात एकदाच वाजवलं असेल, गणपतीत.

आजोबा संस्थानात कारकून होते. गाण्यातला त्यांचा अभिमानाचा विषय बडोद्याचाच. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली उस्ताद मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनाची पद्धत बसवली, मुलांसाठी पुस्तकं तयार केली. घराण्याची विद्या कागदावर उतरवायला त्या काळी कित्येक उस्ताद राजी नव्हते. पुस्तकावरून गाणं शिकवणं त्यांना पटायचं नाही. आजोबा म्हणत, त्या शाळेने गाणं दरवाजातून बाहेर काढलं आणि रस्त्यावरच्याला ऐकू येईल असं केलं. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १८८२ साली इथेच जन्मले, याच वातावरणात वीणा शिकले आणि १९१० मध्ये ती घेऊन अमेरिकेला गेले. पुढे जग त्यांना सूफी संत म्हणून ओळखू लागलं. आजोबांसाठी मात्र ते कायम ‘आपल्या मौलाबक्षांचा नातू’च राहिले. फैयाज खाँसाहेबांना तर त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेलं. खाँसाहेब १९५० साली बडोद्यातच गेले. ती आठवण सांगताना आजोबांचा आवाज खाली यायचा, आणि मग बराच वेळ घरात कोणी रेडिओ लावायचं नाही.

रेडिओवर पेटी नसायची. हे मला फार उशिरा, दहा वर्षांची झाल्यावर कळलं. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली होती. पेटीवर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुती तिच्यात नाहीत, हा मुख्य आक्षेप. तो आक्षेप खरा आहे. पेटी वाजवणाऱ्याइतका तो कोणालाच ठाऊक नसतो. बडोद्यात तर हा वाद त्याच्याही आधी होऊन गेला होता. १९१६ साली इथे भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी खपून तयार केलेली बावीस श्रुतींची हार्मोनियम तिथे मांडली गेली. जमलेल्या गवयांना ती पटली नाही. आजोबांना हा किस्सा तोंडपाठ होता, पण सांगताना ते पेटीच्या बाजूने उभे राहायचे. "गळ्यातल्या सगळ्या श्रुती पेटीला येत नाहीत, म्हणून गळ्याच्या मागे राहून वाजवायचं," असं ते म्हणत आणि माझ्या पेटीचा आवाज कमी करत. त्याच १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलं. त्याला चाली देणारे भास्करबुवा बखले लहानपणी बडोद्यात गाणं शिकलेले, आणि पेटीवर ज्यांचा हात अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला ते गोविंदराव टेंबे त्यांनाच गुरू मानत. महाराजांचा आश्रय असलेली गंधर्व मंडळी बडोद्याला आली की आजोबा तिकीट काढायचे ते पुढच्या रांगेचं, बालगंधर्वांच्या जोडीने ऑर्गनवाल्याचे हातही दिसावेत म्हणून.

१९७१ मध्ये आकाशवाणीची बंदी अंशतः उठली. आजोबांनी बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि पेटी ओढून बसले. चौकातल्या सगळ्यांनी कामं थांबवली. त्या दिवशी ते काय वाजवत होते ते आता आठवत नाही, नळ कोणीतरी बंद केला होता एवढं पक्कं आठवतं.

पेटी सुरात लावायला वर्षातून एकदा एक कारागीर यायचे. ओटल्यावर सतरंजी टाकून ते पेटीचं झाकण उघडायचे, पट्ट्यांचा सांगाडा उचलायचे आणि आतली पितळी सुरांची रांग उन्हात धरायचे. त्यातले बरेच सूर पालिताण्याचे. सौराष्ट्रातल्या त्या गावचे सूर देशभर जातात, हे त्यांनीच मला सांगितलं. सूर उतरला असेल तर पत्तीच्या मोकळ्या टोकाशी जरासं खरवडायचं, म्हणजे तो चढतो. चढला असेल तर जिथे पत्ती पक्की बसवलेली असते तिथे खरवडायचं, म्हणजे उतरतो. कानस एकदाच हलवायची आणि फुंकून ऐकायचं. एक ओरखडा जास्त झाला की धातू परत येत नाही. ते सूर लावत असताना वाड्यात कोणी जोरात बोलायचं नाही, मुलांनाही चौकात पळू द्यायचे नाहीत. बा आपल्या ओटल्यावरून ऐकत बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "हवे बराबर." आणि ते कारागीर मान डोलावून पुढच्या सुराला हात घालायचे.

आज मी अकोट्याला राहते, चौथ्या मजल्यावर. वाडा १९९४ मध्ये पडला, तिथे खाली दुकानं आणि वर गोदामं आहेत. नात कीबोर्ड शिकते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी मनापासून सांगते. आठ वर्षांच्या वयात मला जी लय सहा महिने सापडत नव्हती, ती तिला दोन आठवड्यांत सापडली. फोनवर तानपुरा लागतो, पाहिजे तो ठेका पाहिजे त्या गतीत वाजतो, चुकलं की तिथूनच पुन्हा ऐकता येतं. शिकवणारे मास्तर पुण्याहून स्क्रीनवर दिसतात. आम्ही तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत बसायचो त्या वेळात तिची अर्धी तालीम होऊन जाते.

पण ती कानांवर हेडफोन घालून वाजवते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, हे खरं. सोसायटीत बारा कुटुंबं, कोणाच्या परीक्षा, कोणाला रात्रपाळी. मी स्वयंपाकघरातून बघते तेव्हा तिची बोटं पट्ट्यांवरून भराभर धावत असतात आणि खोलीत फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांचा टकटक आवाज येतो. चुकली तर तिचं तिलाच कळतं. चुकीची जागा बरोबर वाजली तर तेही तिचं तिलाच कळतं. याचं मला वाईट वाटतं. माझी पहिली निर्दोष तान बांनी ऐकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर सुखडी पाठवली, आणि कशासाठी ते मला विचारावं लागलं नाही.

नवरात्रात हे मला जास्त जाणवतं. आमच्या लहानपणी बाजूच्या पोळमध्ये, म्हणजे गल्लीतल्या वस्तीत, गरबा व्हायचा. मधोमध गरबो म्हणजे दिवा ठेवलेला मातीचा घट, एक ढोल, मंजिऱ्या, आणि पेटीला मी. गाणाऱ्या बायका सूर बदलायच्या तसं मला पट्टी शोधावी लागायची. कधी काळी एक, कधी पांढरी चार, आणि एकदा तर मधेच. ती धांदल म्हणजे माझी खरी शाळा होती. आता मैदानांवर हजारो लोक खेळतात. वादक पट्टीचे असतात, ध्वनिव्यवस्था उत्तम असते, आणि बडोद्याचा गरबा अजून बसवलेल्या रेकॉर्डवर नाही तर समोर गाणाऱ्यांवर खेळला जातो, याचा मला फार अभिमान आहे. पण तिथे कुठलीच आठ-दहा वर्षांची मुलगी पेटीला बसून, बायकांच्या पट्टीमागे धावत, सगळ्यांसमोर चुकत नाही.

सूरसागर तलावाच्या काठावरून जाताना मी अजून पावलं हळू टाकते. महाराजांनी सुरू केलेली ती गायनशाळा आज इथे काठालगतच सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत जिवंत आहे. तलावाच्या मधोमध आता शंकराची उंच मूर्ती उभी आहे, कडेला गाड्यांची रांग असते. पण दुपारी खिडक्या उघड्या असल्या आणि हॉर्न क्षणभर थांबले की आतून तबल्याचा एखादा कायदा कानावर येतो, तोच बोल दहा-वीसदा, एकाच जागी घसरणारा. कोणीतरी उघडपणे चुकत असतं. मी तिथे थांबते. त्या मुलाला किंवा मुलीला ठाऊक नसतं की रस्त्यावर कोणी ऐकत आहे.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आजोबांची पेटी तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या भावाकडे होती. पलंगाखालीच. दोन दिवसांनी ती बाहेर काढली तेव्हा लाकूड फुगलेलं, भात्याचं कातडं गळलेलं, आणि सुरांच्या फटींत गाळ. तो गाळ मी दातांच्या जुन्या ब्रशने एकेक सूर सोडवत काढला. सहा आठवडे पेटी पंख्याखाली उघडी ठेवली. मग एक तरुण कारागीर मिळाला, आजोबांच्या कारागिरांसारखाच मोजका बोलणारा. घरात जागा नव्हती म्हणून त्याने चौथ्या मजल्याच्या जिन्यातच सतरंजी टाकली. त्याच्याकडे सूर मोजायचं यंत्र होतं. तरीही शेवटचा ओरखडा देताना त्याने यंत्राकडे बघणं सोडलं आणि डोळे मिटून ऐकलं.

एक-एक सूर चढत-उतरत जिन्यात घुमत होता. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, मग दुसऱ्या. नात हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली आणि पायरीवर बसली. तिने विचारलं, "मी वाजवून बघू?" भाता कसा ओढायचा ते तिला माहीत नव्हतं. डावा हात जास्त जोरात हलला आणि सूर थरथरला. दोनदा, तीनदा. मग जमलं.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी अर्धा तास पेटीवर बसते, दार उघडं ठेवून. परवा पाहुणे आल्यामुळे खाडा झाला. रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या बेनचा फोन आला. आजारपणामुळे त्या गेले कित्येक महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत. त्यांनी माझी चौकशी केली नाही, पाहुण्यांचीही नाही. एवढंच विचारलं, "आजे छोकरीए केम न वगाड्युं?"